औषधाची बाटली आणि मतपेटी

यंदा मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही दहा-बारा जण एका स्नेह्यांच्या बेसमेंटमध्ये गप्पा मारीत बसलो होतो. तिळगूळ वाटून झाला होता, पण गोड बोलणे फार वेळ टिकले नाही. निमित्त झाले एका तरुण जोडप्याचे. त्यांच्या मुलाच्या एका तपासणीचे पैसे इन्शुरन्स कंपनीने नाकारले होते आणि महिनाभर फोन करूनही दाद लागत नव्हती. तो मुलगा वैतागून म्हणाला, "काका, सरकारनंच हे सगळं हातात का घेत नाही? कटकट तरी मिटेल!"

त्यावर आमचे एक डॉक्टर मित्र, तीस वर्षे प्रॅक्टिस करून निवृत्त झालेले, हातातला कप खाली ठेवून म्हणाले, "आज तुझं औषध सरकारच्या हातात दे. उद्या त्याला तुझं मत मागायलासुद्धा यावं लागणार नाही. आजारी माणूस सरकारशी भांडत नसतो, लक्षात ठेव."

मग काय विचारता! वहिनींनी दुसऱ्यांदा चहा आणला तेव्हा आवाज इतके चढले होते की वर खेळणारी मुले जिन्यात येऊन बघू लागली. मी गप्प होतो. डॉक्टरांचे वाक्य ऐकून मला एकदम माझे वडील आठवले होते. त्या मुलाचे म्हणणेही मला खोटे वाटत नव्हते. निघताना चिटणीस म्हणाले, "तुम्ही काहीच बोलला नाहीत. आता पुरवणीसाठी लिहूनच द्या."

म्हणून हा लेखनप्रपंच. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. वीज कंपन्यांत आयुष्य घालवलेला साधा इंजिनियर. पण भारतात, कॅनडात आणि अमेरिकेत अशा तीन देशांत मी आजारपणे पाहिली आणि त्यांची बिलेही पाहिली. प्रश्न असा आहे की आरोग्यसेवा सरकारच्या ताब्यात गेली तर लोकशाही टिकते का? आणि लोकशाहीला तो खर्च पेलतो का?

ताबा म्हणजे नेमके काय?

आमच्या बेसमेंटमधल्या वादात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच ताटात कालवल्या गेल्या होत्या. आधी त्या वेगळ्या करू.

पहिली गोष्ट म्हणजे बिल भरणे. कॅनडात प्रत्येक प्रांताचे सरकार हीच तिथली मुख्य विमा कंपनी असते. बहुतेक डॉक्टर सरकारी नोकर नसतात. ते आपापला दवाखाना चालवतात आणि बिल पेशंटऐवजी सरकारकडे पाठवतात. अमेरिकेतले पासष्ट वर्षांवरील लोकांसाठीचे मेडिकेअर साधारण याच जातीचे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दवाखाना चालवणे. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली तेव्हा तिथली बहुतेक सर्व इस्पितळे सरकारने ताब्यात घेतली. अमेरिकेत माजी सैनिकांची इस्पितळे अशीच सरकारी मालकीची आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे हुकूम करणे. साथ आली तर कोणी घरात बसायचे, कोणाला वेगळे ठेवायचे, कोणी लस घ्यायची हे सरकार ठरवते. इथे पैशाचा संबंध थोडा आणि शरीराचा जास्त.

"सरकार नको" असे आपण अमेरिकेत म्हणतो तेव्हा आणखी एक गोष्ट विसरतो. या देशातल्या आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी जवळजवळ निम्मा खर्च आजही केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकारांच्या तिजोरीतून होतो. नोकरीबरोबर मिळणारा विमा आपल्याला बाजाराची देणगी वाटतो, पण त्याच्याही मुळाशी सरकार आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगारवाढ गोठवली. विम्यासारख्या सवलती मात्र त्यातून वगळल्या. कामगार टिकवण्यासाठी कंपन्या विमा देऊ लागल्या आणि १९५४ च्या करकायद्याने त्या रकमेवरची करमाफी पक्की केली. आज नोकरी गेली की विमाही धोक्यात येतो, हे एच-वन व्हिसावर असलेल्या आपल्या कितीतरी घरांचे दुखणे त्या युद्धकाळापासून चालत आले आहे.

कॉफी आणि ग्रामोफोनची रेकॉर्ड

आमच्या डॉक्टर मित्राची भीती नवी नाही. १९६१ साली वृद्धांना सरकारी विमा देणारे एक विधेयक अमेरिकन काँग्रेसपुढे होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा त्याला कडवा विरोध होता. त्यांनी एक रेकॉर्ड काढली आणि आवाज घेतला रोनाल्ड रेगन या नटाचा. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचे, रेकॉर्ड ऐकवायची आणि मग सगळ्यांनी मिळून काँग्रेसला पत्रे लिहायची अशी ती मोहीम होती. नावच मुळी 'ऑपरेशन कॉफी कप'! रेगन यांचे सांगणे थोडक्यात असे होते की आज हे रोखले नाही तर सरकार एकेक क्षेत्र गिळत जाईल आणि म्हातारपणी आपल्याला नातवंडांना एकेकाळी इथे माणसे स्वतंत्र होती अशा गोष्टी सांगाव्या लागतील.

मेडिकेअर तरीही आले. ३० जुलै १९६५ रोजी मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावी अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. पुढच्याच वर्षी या सरकारी पैशाने एक वेगळाच चमत्कार घडवला. दक्षिणेतल्या इस्पितळांत तोवर गोऱ्यांचे आणि काळ्यांचे वॉर्ड वेगळे असत. काही इस्पितळे काळ्या पेशंटना घेतच नसत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे, वर्णभेद चालू ठेवाल तर मेडिकेअरचा पैसा मिळणार नाही, असे सरकारला बजावता आले. काही महिन्यांत हजाराहून अधिक इस्पितळांनी आपले वॉर्ड एक केले. ज्यांना वेगळ्या दाराने आत जावे लागे त्यांना सरकारच्या पैशाने मुख्य दार उघडून दिले. लोकशाही इथे आक्रसली नाही, वाढली.

आणि रेगन? ते १९८१ साली स्वतःच अध्यक्ष झाले. मेडिकेअर त्यांनी मोडले नाही. उलट १९८३ साली त्यांच्याच सहीने इस्पितळांना कोणत्या आजारासाठी किती पैसे मिळणार हे सरकारने आधीच ठरवून देण्याची पद्धत आली.

सस्कॅचेवन, जुलै १९६२

पण या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती कॅनडातल्या सस्कॅचेवन प्रांतात. गव्हाच्या शेतांनी भरलेला, विरळ वस्तीचा, हाडे गोठवणाऱ्या थंडीचा हा प्रांत. मी १९७८ साली नोकरीसाठी रेजायनाला गेलो आणि बारा वर्षे तिथे काढली. १९८१ साली आमची मुलगी तिथेच झाली. इस्पितळातून घरी येताना मी सवयीने चेकबुक खिशात घेऊन काउंटरवर गेलो, तर तिथली बाई हसून म्हणाली की इथे द्यायचे काही नाही, बाळाला नीट गुंडाळा, बाहेर वारा आहे.

ही सोय कशी आली हे मला आमच्या शेजारच्या आजींनी सांगितले. त्या एका शेतकऱ्याच्या विधवा होत्या.

टॉमी डग्लस लहान असताना त्यांच्या पायाच्या हाडात जंतुसंसर्ग झाला होता. घरी पैसे नव्हते. एका सर्जनने फुकट शस्त्रक्रिया केली म्हणून पाय वाचला. आपला पाय वाचला तो नशिबाने, इतरांचा नशिबावर का सोडायचा, हे त्यांच्या मनात तेव्हापासून राहिले. १९४४ साली त्यांचा सीसीएफ पक्ष सस्कॅचेवनमध्ये निवडून आला. १ जानेवारी १९४७ पासून प्रांतात इस्पितळाचा सार्वत्रिक विमा सुरू झाला. मग डॉक्टरांच्या फीचाही विमा आणू असे सांगून त्यांनी १९६० ची निवडणूक लढवली. डॉक्टरांच्या संघटनेने विरोधात जोरदार प्रचार केला, पण मतदारांनी पुन्हा सीसीएफलाच निवडून दिले. १९६१ च्या नोव्हेंबरात कायदा मंजूर झाला. डग्लस तेव्हा राष्ट्रीय राजकारणात गेले आणि वुड्रो लॉइड मुख्यमंत्री झाले.

१ जुलै १९६२ रोजी कायदा लागू झाला आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. तातडीच्या सेवेसाठी मोजकी इस्पितळे चालू होती. त्या पहिल्याच दिवशी एक तान्हे बाळ, आईवडील गाडीतून डॉक्टर शोधत हिंडत असताना दगावले. प्रांत दुभंगला. 'आमचे डॉक्टर राखा' अशा समित्या गावोगावी निघाल्या. दुसरीकडे लोकांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचे दवाखाने उघडले आणि ब्रिटनहून डॉक्टर विमानाने येऊ लागले. आजी सांगत, त्यांचे यजमान समितीच्या सभांना जात आणि त्या स्वतः सहकारी दवाखान्यासाठी वर्गणी गोळा करीत. तेवीस दिवस घरात दोघे बोलत नव्हते. जेवण टेबलावर ठेवून त्या बाहेर जात.

११ जुलैला रेजायनाच्या विधानभवनासमोर सरकारविरोधी सभा झाली. हजारो लोक आले, पण आयोजकांच्या अपेक्षेच्या मानाने फारच थोडे. ब्रिटनचे लॉर्ड टेलर मध्यस्थ म्हणून आले. ते स्वतः डॉक्टर आणि नॅशनल हेल्थ सर्व्हिसचे जाणकार. २३ जुलैला सस्कटूनमध्ये समझोता झाला. विमा सरकारी आणि सार्वत्रिक राहिला. पण डॉक्टर पगारी नोकर होणार नाहीत, प्रत्येक तपासणीची फी मिळत राहील आणि ज्याला योजनेबाहेर राहून पेशंटकडून थेट पैसे घ्यायचे असतील त्याला ती मुभा राहील, असे ठरले. म्हणजे सरकार जिंकले, पण प्रतिपक्षाचे काही ऐकून घेऊनच.

आता लोकशाहीचा मुद्दा. सरकारच्या हाती औषध गेले की लोक सरकारपुढे मिंधे होतात, असे आमचे डॉक्टर म्हणाले होते. सस्कॅचेवनच्या लोकांनी काय केले? जून १९६२ मध्ये संसदेच्या निवडणुकीत खुद्द डग्लस यांना रेजायनातच पाडले. १९६४ साली सीसीएफचे सरकारही घालवले. नवे लिबरल सरकार रॉस थॅचर यांचे. त्यांनी योजना मोडली नाही, कारण तोवर ती लोकांची झाली होती. मात्र १९६८ साली थॅचर यांनी खर्च आवरण्यासाठी डॉक्टरच्या प्रत्येक भेटीला दीड डॉलर अशी फी लावली. लोकांना ती खुपली. १९७१ साली लोकांनी थॅचर यांनाही घरी पाठवले आणि पुढच्या सरकारने ती फी काढून टाकली.

म्हणजे ज्याने औषध दिले त्यालाही पाडले आणि ज्याने औषधावर फी लावली त्यालाही. मिंधेपणा दिसतो कुठे?

जिथे भीती खरी ठरली

पण एवढ्यावर लेख संपवला तर तो अर्धसत्य होईल. डॉक्टर मित्राच्या वाक्याने मला वडील आठवले, त्याचे कारण वेगळे आहे.

आपण मराठी माणसे ही गोष्ट फार आधी शिकलो आहोत. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही खटला भरता येणार नाही, असे कलमच त्यात होते. रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घरे तपासली. माणसे इस्पितळात आणि छावणीत हलवली गेली. सोजीर देवघरात आणि माजघरात शिरले. रोग खरा होता, उपायही काही अंशी गरजेचे होते. पण तक्रार कोणाकडे करायची? मत नव्हते, कोर्टाचा रस्ता अडवलेला होता आणि लिहावे तर टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय झाले ते आपण शाळेत शिकलो आहोत. दाद मागायची सगळी दारे बंद झाली की गोळी झाडली जाते.

दुसरी गोष्ट घरची. माझे वडील सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. १९७६ साली, आणीबाणीत, प्रत्येक शिक्षकाने कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी दोन 'केसेस' आणायच्या असा हुकूम आला. वडिलांनी आणल्या नाहीत. दोन महिने पगार थांबला. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो आणि धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते. तिसऱ्या महिन्यात वडील गल्लीतल्या एका हमालाला घेऊन कॅम्पात गेले. त्याला चार मुले होती आणि पैशाची गरज होती. तो तयार झाला असे वडील म्हणत. मग लगेच गप्प होत. त्याची जखम चिघळली. सात आठवडे तो ओझे उचलू शकला नाही. दर रविवारी वडील त्याच्या घरी थोडे पैसे आणि शेरभर तांदूळ नेऊन देत. पगार सुरू झाला होता, पण त्या वर्षी त्यांनी दिवाळीला नवा सदरा शिवला नाही.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक अशा शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकच १९७६ साली संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. लक्षात घ्या, हे परकीय सरकार नव्हते. आपणच निवडून दिलेले होते. पण लोकसभेची मुदत वाढवून निवडणूक पुढे ढकललेली होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता आणि एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही कोर्टात दाद मागता येणार नाही, असा निकाल दिला होता. मत, लेखणी आणि न्यायालय अशी तीन दारे असतात. तिन्ही एकदम बंद होती.

मार्च १९७७ मध्ये पहिले दार उघडले. वडील मतदान केंद्र उघडण्याच्या दोन तास आधी रांगेत जाऊन उभे राहिले. मत कोणाला दिले ते त्यांनी आईलाही सांगितले नाही. देशाने काय केले ते सर्वांना माहीत आहे. नव्या सरकारने कुटुंब 'नियोजन' हे नाव बदलून कुटुंब 'कल्याण' केले. नियोजन या शब्दाचीच लोकांनी धास्ती घेतली होती.

तेव्हा सस्कॅचेवनात आणि साताऱ्यात फरक काय? दोन्हीकडे सरकारचा हात आरोग्यात होता. एकीकडे तीन दारे उघडी होती, दुसरीकडे बंद. माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. हात कोणाचा यापेक्षा तो हात धरता येतो का, हे महत्त्वाचे.

हीच पट्टी कोव्हिडलाही लावता येते. १३ जानेवारी २०२२ या एकाच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. मोठ्या कंपन्यांतल्या नोकरांना लस किंवा तपासणी सक्तीची करणारा सरकारचा नियम रोखला आणि मेडिकेअर-मेडिकेडचा पैसा घेणाऱ्या इस्पितळांतल्या कर्मचाऱ्यांवरची लसीची सक्ती चालू ठेवली. कोणाला एक निकाल पटेल, कोणाला दुसरा. पण सरकारला "इथपर्यंतच" असे सांगणारे कोणी तरी होते. १८९७ च्या पुण्यात तसे कोणी नव्हते.

खासगी हुकूम

मग सरकार दूर ठेवले की आपण सुटलो का? आम्ही १९९० साली ओहायोत आलो. काही वर्षांनी पत्नीच्या पाठीच्या मणक्याचे दुखणे निघाले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. इन्शुरन्स कंपनीने नाकारली. पत्रावर सही नव्हती, नुसता विभागाचा शिक्का. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी. अकरा आठवड्यांनी, डॉक्टरांनी तीनदा पत्रे लिहिल्यावर, परवानगी आली. तोवर ही बाई जमिनीवर गादी टाकून झोपत होती.

त्या अकरा आठवड्यांत मला वडिलांच्या त्या हमालाची आठवण येई. इथे कोणी सक्ती केली नव्हती, आणि तुलना तशी ताणलेलीच. पण दाद कुठे मागायची हा प्रश्न तोच होता. ती कंपनी मी निवडलेली नव्हती, ती माझ्या मालकाने निवडलेली. तिच्या अधिकाऱ्यांना मी मत देऊन पाडू शकत नव्हतो. पुढे २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने बहुतेक विमायोजनांत नकाराविरुद्ध कंपनीबाहेरच्या तटस्थ तज्ज्ञाकडे अपील करण्याचा हक्क दिला. आमच्या संक्रांतीच्या तरुण मित्राला तो माहीतच नव्हता! त्या रात्री मी गप्प बसलो होतो, पण दुसऱ्या दिवशी फोन करून त्याला एवढे मात्र सांगितले.

बिल कोण भरणार?

आता डॉक्टर मित्राच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. सरकारी आरोग्यसेवेत सरकारचा जुलूम हा एक धोका झाला. दुसरा धोका आपल्याच लोभाचा. सोय सगळ्यांना हवी असते, बिल कोणालाच नको असते आणि निवडून यायचे असलेला पुढारी दोन्हींना हो म्हणतो.

याचा उत्तम नमुना १९८८ सालचा. मोठ्या आजारपणाचा खर्च मेडिकेअरमध्ये घेणारा कायदा काँग्रेसने केला आणि रेगन यांनी सही केली. खर्च वृद्धांनीच भरायचा. त्यांच्यातल्या बऱ्यापैकी उत्पन्नाच्या लोकांनी जास्त, पहिल्या वर्षी माणशी आठशे डॉलरपर्यंत. १९८९ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत संतापलेल्या आजी-आजोबांनी काँग्रेसमधले बडे पुढारी रोस्टेन्कोव्स्की यांची गाडी अडवली. ते शेवटी गाडीतून उतरून पळाले. त्याच वर्षी काँग्रेसने कायद्याचा बहुतेक भाग रद्द केला. लोकशाही चालली, यात शंका नाही. पण खर्चाचा प्रश्न सुटला असे कोण म्हणेल?

१९६० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नातला सुमारे ५ टक्के भाग आरोग्यावर जात होता. २०२३ साली तो १७ टक्क्यांच्या वर गेला. कॅनडाचा १२ टक्क्यांच्या आसपास. लोक जास्त जगतात, औषधे नवी आणि महाग निघतात, आणि काम करून कर भरणाऱ्यांचे प्रमाण वृद्धांच्या मानाने घटत जाते. हा हिशेब कोणत्याही व्यवस्थेला चुकत नाही.

कॅनडा तो रांगेतून चुकता करतो. रेजायनाच्या आजींनी खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी चौदा महिने वाट पाहिली. २००५ साली क्विबेकमधल्या अशाच एका खुब्याच्या पेशंटच्या आणि डॉक्टर शाऊली यांच्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले की रांगा इतक्या लांब असताना खासगी विम्यावर बंदी घालणे क्विबेकच्या हक्कांच्या सनदेविरुद्ध आहे. तिसरे दार इथेही उघडे होते.

आणि सस्कॅचेवन? १९९० च्या सुमारास प्रांत कर्जात बुडाला होता. १९९३ साली सरकारने ५२ छोट्या ग्रामीण इस्पितळांतल्या खाटांचा निधी बंद केला. सरकार कोणाचे? डग्लस यांच्याच पक्षाच्या वारसांचे, रोमॅनो यांचे. त्यांनी दिवाळखोरी लपवली नाही, सांगून कापले. मी पुढच्या वर्षी आजींना भेटलो तेव्हा त्यांच्या माहेरच्या गावाचे इस्पितळ बंद झाले होते. त्या संतापल्या होत्या. मी विचारले, आता मत कोणाला? म्हणाल्या, "माझ्याच आवडत्या इस्पितळाला कुलूप घातलं त्यांनी. पण पैसे नाहीत हे तोंडावर सांगितलं. विचार करीन." १९९५ साली ते सरकार पुन्हा निवडून आले. आजींनी काय केले ते मी विचारले नाही. वडिलांचा मान राखला तसा त्यांचाही राखला.

टिकाऊपणाचे गमक मला त्या एका वाक्यात सापडते. खरा हिशेब तोंडावर सांगणारे सरकार आणि तो ऐकून घेणारे मतदार हे दोन्ही असतील तर आरोग्यसेवा सरकारी असो वा मिश्र, लोकशाहीला ती पेलते. हिशेब लपवला तर खासगी व्यवस्थाही एक दिवस सरकारच्याच दारात कोसळते.

आपण यात कुठे?

शेवटी आपल्याबद्दल. ज्या १९६५ साली मेडिकेअर आले त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवा इमिग्रेशन कायदाही आला आणि त्या दाराने आपले कितीतरी डॉक्टर या देशात आले. आमचे मित्रही त्यानंतरच्याच लाटेतले. त्यांच्या दवाखान्यातले निम्मे पेशंट मेडिकेअरचे होते, हे त्यांनी त्या रात्री सांगितले नाही आणि मीही काढले नाही. गोड बोलायचे होते ना!

आपल्यापैकी प्रत्येक नोकरदाराच्या पगारातून मेडिकेअरसाठी १.४५ टक्के कापले जातात, तेवढेच मालक भरतो. एच-वनवरचा मुलगाही भरतो. पण मत त्याला नाही. ग्रीनकार्डवर आणलेल्या आईवडिलांना सलग पाच वर्षे राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही घेता येत नाही, आणि त्या निर्णयातही त्यांचे मत नाही. जे नागरिक झाले आहेत त्यांच्यातले कितीजण राज्याच्या निवडणुकीत मत द्यायला जातात? मेडिकेड वाढवायचे की नाही हा प्रश्न २०१२ च्या निकालानंतर राज्यांकडे आहे. मेन राज्यात २०१७ साली, मिसुरी आणि ओक्लाहोमात २०२० साली तो लोकांनी थेट मतदानाने सोडवला. बाजू कोणतीही घ्या. पण कोणतीही योजना समोर आली की तीन गोष्टी विचारा. नकार मिळाला तर दाद कोणाकडे मागायची? निर्णय घेणाऱ्याला कोण काढू शकतो? आणि बिल कोण भरणार, हे मला खरे सांगितले आहे का?

मी १९९७ साली अमेरिकन नागरिक झालो. पहिल्या मतदानाच्या दिवशी मी उगीचच लवकर गेलो. केंद्र उघडायला अर्धा तास होता, बाहेर नोव्हेंबरची थंडी. रांगेत मी एकटाच. मागून एक वयस्कर बाई आल्या आणि म्हणाल्या, "बरेच लवकर आलात." त्यांना काय सांगणार? म्हटले, "आमच्या घरात तशी पद्धत आहे."